नुसता अठरा

४ जून

जावईबापू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी तो लिहिलेला नाही. घाईत राहून गेला असं समजू नका.

तुमचं रजिस्टर पत्र मिळालं. सासऱ्याला रजिस्टरने पत्र पाठवणारा जावई मी तरी पहिल्यांदाच पाहतो आहे. साधं पत्र पाठवलं तर हा म्हातारा मिळालंच नाही म्हणेल, अशी धास्ती असणार. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे हे पाहून बरं वाटलं.

तुम्हाला माझी वही हवी आहे. मी कामाला लागलो त्या दिवसापासून कोडमधला माझा प्रत्येक बदल संध्याकाळी घरी निघण्याआधी वहीत हाताने लिहून ठेवायचो. तारीख, वेळ, काय बदललं, का बदललं. तुम्ही आणि तुमचे ते हेडफोनवाले दोस्त त्याला 'हेडमास्तरांची हजेरी' म्हणून खिदळायचात. आता चौदा जुलैला तपासणी मंडळासमोर उभं राहायची वेळ आली, तेव्हा हजेरीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना पाहिजे म्हणता. मिळणार नाही. निवृत्त होताना मी कपाट रिकामं केलं आणि वह्या रद्दीत घातल्या.

तुम्ही लिहिता, तो शब्द तिथे असता तर तुमची चूक कंपायलरनेच पकडली असती, आणि तो शब्द तुम्ही काढलेला नाही. वा. म्हणजे चोरी केली ती केलीच, आणि वर तक्रार काय, तर दाराला कुलूप नव्हतं.

पुन्हा एकदा शिकवतो, कारण पहिल्या वेळी सगळं डोक्यावरून गेलं होतं. आपली कंपनी दवाखान्यातली शस्त्रं वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रं बनवते. यंत्राला सांगायचं काय असतं? इतक्या तापमानाला इतका वेळ धरून ठेव. आता वेळ म्हणजे नुसता आकडा नव्हे. अठरा म्हणजे काहीच नव्हे. अठरा मिनिटं म्हणजे काहीतरी. म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी मी दोन वेगळे प्रकार घडवले, एक मिनिटांचा आणि एक सेकंदांचा. आकडा घेऊन त्याचे सेकंद घडवणारा जो कन्स्ट्रक्टर, त्याच्या आधी मी एक शब्द लिहिला, एक्स्प्लिसिट. म्हणजे जे काय आहे ते उघड बोला. कुणी नुसता आकडा घेऊन आला की कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा, त्याला दारातच अडवणार. अठरा काय? सांगा, मग आत या. तो शब्द नसला, की हाच कंपायलर लाळघोट्या कारकुनासारखा वागतो. साहेबांना सेकंद पाहिजेत ना, मग हा आकडा सेकंदांचाच असणार, असं परस्पर ठरवून एक अवाक्षर न काढता फाईल पुढे सरकवतो.

तुम्ही लिहिलंत नुसता अठरा. मनात मिनिटं होती म्हणे. मनातलं ओळखायला ते यंत्र काय तुमची बायको आहे?

बरं, चाचणी तरी धड करावी. चाचणीच्या टेबलावर आपण घड्याळ साठपट पळवतो, म्हणजे अठरा मिनिटांचं काम अठरा सेकंदांत उरकतं आणि माणूस ताटकळत नाही. त्या दिवशी घड्याळ पळवायचं बटण बंद होतं. तुम्ही ते बघितलं नाहीत. यंत्र अठरा सेकंदांत थांबलं आणि तुम्ही समाधानाने मान डोलावलीत. तिकडे डोळ्यांच्या दवाखान्यात नाजूक शस्त्रांसाठी तोच प्रोग्राम डिसेंबरभर चालला. तिथल्या नर्सला वाटलं, नवीन प्रोग्राम झटपट आहे. सहा पेशंटांच्या डोळ्यांत जंतू गेले. त्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा उजवा डोळा कायमचा गेला. हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या तीन पानी पत्रात त्या बाईंचा उल्लेख एकदाही नाही, म्हणून लिहिलं.

राहता राहिलं, तो शब्द कुणी काढला. मंडळाने कॉम्प्युटरला विचारलं, कॉम्प्युटरने तुमचं नाव सांगितलं. सांगणारच. सगळा कोड जुन्या जागेवरून नव्या जागी हलवायचं काम तुमच्याकडे होतं, आणि कुठली ओळ कुणी कधी बदलली हा इतिहास बरोबर न्यायला तुम्ही विसरलात. त्यामुळे आता प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव आहे. मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळीसुद्धा तुमच्याच. फुकट मालकी मिळाली आहे, भोगा.

लग्नाच्या वेळी तुम्ही याच खोलीत मला विचारलं होतंत, "बाबा, तुमची हरकत नाही ना?" मी गप्प बसलो. तुम्ही त्याला होकार समजून दुसऱ्या दिवशी हॉल ठरवून आलात. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा माणूस पुढे काय दिवे लावणार आहे.

तुमच्या बायकोचे वडील


१७ जून

जावईबापू,

मुलीला पाठवायची कल्पना तुमची की तिची? तुमची असेल तर भेकडपणा आहे. तिची असेल तर तुम्ही तिला अडवलं नाहीत, म्हणजे पुन्हा भेकडपणाच.

सहा तास बसने येऊन ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. मी चहा ठेवला. तिने वह्यांचं विचारलं, मी रद्दीचं सांगितलं. तिने एकदा आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं, उठून उघडलं मात्र नाही. उघडलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही.

तुमचं काय चाललंय तेही तिने सांगितलं. वजनकाटे दुरुस्त करता म्हणे. मंडळाचा निकाल विरुद्ध गेला तर दवाखान्याच्या कुठल्याही उपकरणाला जन्मभर हात लावता येणार नाही, आणि तुम्हाला दुसरं काही येत नाही. त्यावर मी म्हणालो की पहिलं तरी कुठे येत होतं. ती हसली नाही. लहानपणी असल्या बोलण्यावर हसायची.

मग तिने तो प्रश्न विचारला. अठरा ज्या बदलात होता, तो बदल मंजुरीसाठी, म्हणजे तुमच्या भाषेत रिव्ह्यूसाठी, माझ्याचकडे आला होता ना? मी म्हणालो, रोज चाळीस बदल यायचे.

"ते मी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला तो अठरा दिसला होता का?"

मी चहा उतू जातोय का बघायला उठलो. चहा उतू जात नव्हता. पाठीमागून ती बोलत राहिली. तिच्या औषधांच्या दुकानात एखाद्या चिठ्ठीवर नुसता पाच लिहिलेला आला, मिलिग्रॅम की मिलिलिटर काहीच नाही, तर ती डॉक्टरला फोन लावते. डॉक्टर खेकसतात, गिऱ्हाईक वैतागतं, तरी लावते. हे म्हणे तिला मी शिकवलं, ती आठवीत असताना, गणिताच्या वहीत उत्तरापुढे एकक न लिहिल्याबद्दल अख्खं पान फाडून. मला आठवत नाही. पण फाडलं असेन.

जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ मी काढणार नाही, बाबा. हो की नाही, ते तुम्ही बोलायचं." आणि जिना उतरून गेली. चहा तसाच राहिला.

ही भाषा ती तुमच्याकडून शिकलेली नाही, एवढं नक्की.

आता तुम्हाला आनंद होईल अशी एक बातमी. परवा मालकांचा फोन आला होता. चौदा जुलैला मी कंपनीतर्फे साक्ष द्यावी अशी त्यांची इच्छा आहे. फार काही नाही, माझ्या काळात तो शब्द जागेवर होता एवढंच सांगायचं. नव्या पोरांना शिकवायची जी खोली बांधली आहे तिला माझं नाव द्यायचं ठरलंय, हेही त्याच दमात सांगितलं. मालकांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण माणसाला कुठे गुदगुल्या होतात ते बरोबर कळतं. मी 'बघतो' म्हणालो. संध्याकाळी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन, पाटीवर नावाआधी श्री. लावायचं की नाही. 'बघतो'चा 'हो' करून मोकळे झाले. तुम्हाला त्या कंपनीत सोन्यासारखे दिवस काढता आले ते उगाच नाही.

मी अजून मालकांना 'नाही' म्हटलेलं नाही.

तुमच्या बायकोचे वडील


२६ जून

जावईबापू,

त्या शिवणाऱ्या बाईंचं दुकान पाहिलं. सहज वाटेत होतं असं लिहिणार होतो, पण चार स्टॉप पुढे जाऊन पँट आखूड करून घ्यायला कोण जातं.

जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला आरसा. खिडकीत एक छोटी उशी, तिच्यात दहा सुया ओळीने टोचलेल्या, सगळ्यांत दोरा आधीच ओवलेला. सून सकाळी कामावर जाण्याआधी दहा सुया ओवून देते. दहा संपल्या की हातशिलाईचं काम बंद. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, कारण मी त्या उशीकडे बघत उभा राहिलो होतो. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. एका डोळ्याने सुई किती लांब आहे ते कळत नाही म्हणाल्या, आता सवय होतेय.

त्यांनी मला गिऱ्हाईक समजलं आणि मी गिऱ्हाईक होऊन बसलो. मला त्यासाठी काहीच करावं लागलं नाही.

खडू हातात घेऊन त्यांनी विचारलं, किती कमी करू. मी म्हणालो, दोन.

"दोन काय?" त्या म्हणाल्या. "इंच की बोटं?"

जावईबापू, हसा. एकदा मोकळेपणाने हसून घ्या, तुम्हाला संधी क्वचित मिळते. एकोणीस वर्षं अख्ख्या कंपनीला ज्या एका गोष्टीवरून मी घालूनपाडून बोललो, तीच गोष्ट एका डोळ्याच्या शिंपीणबाईंनी मला खाली बसवून विचारली. मी इंच म्हणालो. त्यांनी खडूने रेघ ओढली.

मग मी जरा घुटमळत विचारलं, त्या यंत्राच्या कंपनीतून कुणी भेटायला आलं होतं का. म्हणाल्या, एकजण येऊन गेला, फेब्रुवारीत. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, ती चूक करणारा मी आहे, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगायला आलो. तेवढं बोलला आणि गेला. रडला असता तर दार लावून घेतलं असतं म्हणाल्या, पण रडला नाही.

हे तुमच्या पत्रात नव्हतं. मी चार जूनला जे खरमरीत वाक्य लिहिलं, त्या बाईंचा उल्लेख नाही म्हणून, ते तुम्ही वाचलं असणार आणि तरीही उत्तर दिलं नाहीत. हा मोठेपणा मिरवण्याचा एक प्रकार असतो, मला चांगला ठाऊक आहे. मला त्याचा राग आला. बस निघून जाईपर्यंत मी स्टॉपवर तुमच्यावर चडफडत उभा होतो.

पँट पुढच्या शुक्रवारी मिळणार आहे.

तुमचा सासरा


५ जुलै

जावईबापू,

वही रद्दीत गेलेली नाही. लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, तुमच्या सासूबाईंच्या जुन्या शालीखाली आहे. मुलीने जिकडे पाहिलं तिथेच.

हे आता का सांगतोय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही तुमच्या पत्राचा विजय समजून बसाल. शुक्रवारी पँट आणायला गेलो. पाय मशीनजवळच थबकले आणि मी बाईंना सांगितलं की मीही त्याच कंपनीतला. फेब्रुवारीत आलेल्या माणसाने सगळी चूक आपल्या अंगावर घेतली, पण ती सगळी त्याची नाही. मला वाटलं होतं त्या खुर्ची ओढतील, पाणी देतील, निदान रडतील तरी. त्यांनी दोरा तोडला.

"मग मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "इथे कोण लिहून घेणार आहे? जिथे लिहून घेतात तिथे जाऊन सांगा. आणि पँट घालून बघा, नंतर मी उसवणार नाही."

घातली. लांबी बरोबर होती.

तर ऐका. अकरा मार्च, दोन वर्षांपूर्वीचा. चार वाजता मालक मोठ्या गिऱ्हाइकांना घेऊन चाचणीचं टेबल दाखवायला येणार होते. टेबलाचा कोड कुणा जुन्या महाभागाने लिहिलेला, तो माझ्या नव्या आवृत्तीला जोडला तर कंपायलरने दोनशेबारा चुका काढल्या. दोनशेबारा ठिकाणी नुसते आकडे. प्रत्येक ठिकाणी जाऊन मिनिटं की सेकंद ते लिहायला दोन दिवस लागले असते. माझ्याकडे दोन तास नव्हते. मी एक शब्द पुसला. दोनशेबाराचे शून्य झाले. त्या शून्याकडे बघून मला बरं वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

वहीतलं जसंच्या तसं उतरवतो: 'दुपारी २.१०. सेकंदांच्या कन्स्ट्रक्टरवरचा एक्स्प्लिसिट काढला. टेबल जुळत नाही, पाहुणे चारला. उद्या सकाळी परत लावणे.'

बारा मार्चच्या पानावर तो शब्द कुठेही नाही. त्या पानावर पहिली नोंद अशी आहे: 'जावयाने आठ दिवसांची रजा मागितली, कशाला ते विचारणे.' तुमची चौकशी करण्याच्या नादात मी स्वतःचं कुलूप लावायला विसरलो. नंतर कधी तिकडे बघितलं नाही. मी लिहिलेली फाईल तपासायची गरज मला कधी वाटलीच नाही, आणि दुसऱ्या कुणाची ती उघडायची हिंमत नव्हती. तसा दरारा मीच बसवला होता.

म्हणजे जवळजवळ दोन वर्षं त्या कोडमध्ये कुणीही नुसता आकडा घेऊन घुसू शकत होता. घुसलात फक्त तुम्ही. बाकीच्यांना मी दमात घेऊन ठेवलं होतं म्हणून ते एकक लिहीत राहिले. कुलूप नाही हे कुणालाच कळलं नाही. आता यावरून तुम्ही निर्दोष ठरता असा अर्थ काढू नका. अठरा तुम्हीच लिहिला. पळत्या घड्याळाचं बटण तुम्हीच बघितलं नाहीत. तुम्ही गचाळ काम करता हे माझं मत होतं आणि आहे.

मालकांना काल कळवलं की साक्षीला येतो, पण कंपनीतर्फे नाही. ते म्हणाले, म्हणजे काय? म्हटलं, जेवढे शब्द बोललो तेवढंच. खोलीच्या पाटीचं त्यांनी काही काढलं नाही.

मुलीने रिव्ह्यूबद्दल जे विचारलं, त्याचं उत्तर या पत्रात नाही. विसरलो म्हणून नाही.

तुमचा सासरा


१५ जुलै

अनेक आशीर्वाद. मुद्दाम लिहिला आहे, पद्धत म्हणून नाही.

काल तुम्ही बाहेरच्या बाकावर बसला होतात. साक्षीदारांना एकेकाला आत घेत होते, म्हणून आत काय झालं ते तुम्हाला कागदावरून कळायच्या आधी मी सांगतो. बाकावर मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही उठून उभे राहिलात, मी मान हलवली आणि आत गेलो. तुम्ही बारीक झाला आहात.

लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या अध्यक्षीणबाई, चष्मा डोक्यावर. बाजूला टाईप करणारा माणूस, दोन बोटांनी टाईप करणारा, मंडळाला याहून बरा मिळाला नसावा. मी वही टेबलावर ठेवली आणि अकरा मार्चचं पान उघडलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मग बाजूच्या दोघांना दिलं. त्यातला एक म्हणाला, हे फार प्रामाणिकपणाचं आहे. मी त्याला सांगितलं की प्रामाणिकपणा सहा महिन्यांपूर्वी झाला असता, हा उशीर आहे. मालक भिंतीजवळच्या खुर्चीत होते. ते मोबाईलकडे बघत होते आणि मोबाईल बंद होता.

काम आटोपत आलं. बाईंनी चष्मा खाली घेतला, कागद सारखे केले आणि टाईप करणाऱ्याला शेवटचं सांगू लागल्या.

"रिव्ह्यू करताना तो अठरा यांच्या लक्षात आला नाही, असं धरायचं ना?" त्यांनी मला विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. टाईप करणाऱ्याने उत्तराची वाटही पाहिली नाही, त्याची बोटं चालू झाली.

मला काहीच करायचं नव्हतं, जावईबापू. गप्प बसायचं होतं, बस. मी गप्प बसलो असतो तर त्या माणसाने माझ्या गप्प बसण्याचं 'नाही' करून टाकलं असतं, बाईंनी सही केली असती, आणि आयुष्यभर तेच खरं राहिलं असतं. दोन बोटांचा तो मठ्ठ माणूस, आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

"धरू नका," मी म्हणालो. "लिहा. दिसला होता."

मालकांनी मान वर केली. बाई म्हणाल्या, नीट सांगा. मी नीट सांगितलं. आता तुम्हाला सांगतो, आणि एकदाच सांगणार आहे.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली ती दुपार. तुमचा बदल माझ्या पडद्यावर आला. एकवीस ओळी. तेराव्या ओळीवर नुसता अठरा. मला तो पहिल्याच नजरेत दिसला, मला असलं चुकत नाही. समोर शेरा लिहायची जागा रिकामी होती. 'मिनिटं लिहा', एवढे दोनच शब्द लिहायचे होते. मी लिहिले नाहीत. मला वाटलं, कशाला सांगा, कंपायलर याच्या सणसणीत थोबाडीत देईल. सगळ्यांसमोर याचं काम अडेल, हा धावत माझ्याकडे येईल, आणि मी वर न बघता म्हणेन, अठरा काय? या विचाराने मला इतका आनंद झाला की मी हसत हसत मंजुरीचं बटण दाबलं. मग चहाचा कप घेऊन तुमच्या टेबलासमोरच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. तुमचा पडेल चेहरा बघायला.

तुमचा चेहरा पडला नाही. पडद्यावर कंपायलरची हिरवी खूण आली, तुम्ही आळस दिलात आणि मला बघून म्हणालात, "बाबा, पहिल्या झटक्यात झालं."

तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझं कुलूप जागेवर नाही. कळलं नाही, कारण मी चिडलो होतो. वाटलं, शहाण्याने मधल्या वेळात दुरुस्त केलं असेल. उघडून बघितलं नाही. तुम्हाला काही येतं असं मान्य करावं लागलं असतं.

शब्द काढला ती विसरभोळेपणाची चूक. कुठल्याही म्हाताऱ्याकडून होते. ही मात्र तशी नाही. ज्या माणसाला मी कवडीची किंमत देत नव्हतो त्याची फजिती बघायची म्हणून मी गप्प बसलो, आणि त्या बाईंचा डोळा गेला. तुमच्याबद्दल मला आजवर जेवढा तिटकारा वाटला, तो सगळा एकत्र केला तरी काल त्या खुर्चीत मला स्वतःबद्दल जो वाटला त्याच्या पासंगाला पुरणार नाही.

निकाल पंधरा दिवसांनी येणार आहे. तुमच्यावर जन्मभराची बंदी येणार नाही, असं तो टाईप करणारा जिन्यात कुणाला तरी सांगत होता. त्यावर विसंबू नका. लेखी हातात पडेपर्यंत ते काहीच नाही. माझी साक्ष वहीसकट त्यांच्याकडे आहे. खालची सही माझी आहे आणि ती मी वाचून केली आहे.

मी तुमची माफी मागतो. वाक्य नीट वाचा. तुम्ही चांगलं काम करता असं त्यात म्हटलेलं नाही, तुम्ही मला माफ केलंत असंही धरलेलं नाही. ते तुमचं तुम्ही बोला किंवा बोलू नका.

आणि वजनकाट्यांच्या त्या दुकानात तरी आकड्यापुढे ग्रॅम की किलो ते लिहीत जा.

तुमचा सासरा

ता. क. तुम्हाला आत बोलावलं तेव्हा मुलगी खाली फाटकाशी उभी होती. मी तिला म्हणालो, "हो. दिसला होता." मग तिने माझ्या पँटकडे पाहिलं, नवी आहे का विचारलं. मी म्हणालो, आखूड करून घेतली, दोन इंच. तिचे डोळे भरले. त्या पाण्याचा मला हवा तो अर्थ लावता आला असता. मी सरळ विचारलं, "घरी येतेस?"

"नाही," ती म्हणाली.

मी त्याचा अर्थ नाही असाच घेतला आणि बस धरली.